अवतरणानंतरचं वाक्य तुझं हवं

"ताई, निबंधात दुसऱ्यांची वाक्यं किती चालतात?" असं तू विचारलंस. वाशीहून सप्टेंबरात इंग्लंडला नगररचनेच्या मास्टर्ससाठी निघते आहेस, तर हे आत्ताच समजून घे. कोर्स वर्षभराचा, शिकत बसायला वेळ मिळत नाही.

ठरलेला आकडा असा नाही. आपल्याकडे शाळेपासून निबंध सुभाषिताने सुरू करायची सवय लागते. इथे इंग्लंडमध्ये अवतरण शोभेसाठी घालत नाहीत, ते पुरावा म्हणून येतं.

समज, तू नवी मुंबईवर लिहिते आहेस. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. एवढी माहिती आपल्या शब्दांत सांग आणि कंसात आडनावं व वर्ष दे. पण मुंबईचा भार कमी करण्याविषयी त्यांनी वापरलेले शब्दच तुला तपासायचे असतील, तर तेवढाच तुकडा अवतरणचिन्हांत घे, पान क्रमांकासह. तो कोणाचा, कधीचा, हे आधी सांग. आणि नंतर थांबू नकोस! आजच्या शहराला ते म्हणणं कुठे लागू पडतं, कुठे पडत नाही, हे तू लिहायचं. परीक्षक तेच शोधत असतात. वाशीत वाढल्यामुळे तुला जे दिसतं ते मोलाचं आहे, मात्र त्यालाही जनगणनेसारखा आधार जोड.

चार शब्द बदलून वाक्यरचना तीच ठेवली तर ती उचलेगिरीच ठरते. पुस्तक मिटून लिही, मग मूळ मजकुराशी ताडून बघ. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यावाच लागतो. पटेलांचं म्हणणं दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचलं असेल, तर तसं स्पष्ट नोंदव.

संदर्भ देण्याची स्टाइल कोणती ते विभागाच्या हँडबुकात बघ. 'हार्वर्ड' स्टाइलचे नियमही विद्यापीठागणिक थोडे बदलतात. एपीए ही स्टाइल असेल तर 40 किंवा जास्त शब्दांचा उतारा वेगळा, समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय येतो. निबंध तपासणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरच्या टक्क्यांना घाबरू नकोस. ते फक्त मजकूर कुठे जुळतो ते दाखवतं, नीट दिलेली अवतरणंसुद्धा त्यात मोजली जाऊ शकतात. संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्यात नाव आणि आडनाव योग्य जागी पडलंय ना, ते स्वतः तपास.

मराठी पुस्तकं वापरायला अजिबात कचरू नकोस, तुझ्या वर्गात ती कदाचित तुलाच वाचता येतील. निघण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन ये; 1893 पासूनची संस्था आहे. टिपण काढताना लेखक, वर्ष, प्रकाशक आणि पान तिथल्या तिथे लिहून घे. तू स्वतः केलेलं भाषांतर एपीएमध्ये थेट अवतरण मानत नाहीत, त्यामुळे त्याला अवतरणचिन्हं लावायची नाहीत. संदर्भसूचीत पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहून पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा.