‘रहमान’ आणि ‘रहीम’ यांतला फरक शोधायचा आहे, तर आधी काय शिकू?

प्रिय विद्यार्थिनी,

तत्त्वज्ञानाच्या पदवीचं शेवटचं वर्ष, पुढे कुराणातल्या ईश्वरी करुणेवर संशोधन करायची इच्छा, आणि बाबांचा प्रश्न, ‘यावर पोट कसं भरणार?’ हे सगळं तुझ्या पत्रात आहेच. पण मी थांबलो तो शेवटच्या ओळीपाशी: कुराणात ईश्वराची ‘रहमान’ आणि ‘रहीम’ अशी दोन नावं येतात, भाषांतरात दोन्ही ‘दयाळू’च होतात, मग मुळात दोन शब्द कशाला?

ही शंका भाषांतरं चाळून फिटणार नाही. म्हणून माझा सल्ला एकच आहे: आधी अरबी शिक, विषय नंतर ठरव.

दोन्ही शब्द र-ह-म या एकाच धातूतून येतात. गर्भाशयाला अरबीत ‘रहिम’ म्हणतात, तोही त्याच धातूचा. आपल्याकडे ‘दया’ वरून खाली येते, ‘माया’ पोटातून येते. मला तर ‘माया’च जवळची वाटते. आता घडण बघ. ‘रहमान’ ज्या साच्यातला आहे, त्याच साच्यात तहानेने व्याकूळ झालेल्याला ‘अतशान’ म्हणतात, म्हणजे भावना काठोकाठ भरलेली. ‘रहीम’चा साचा टिकून राहणारा गुण सांगतो. अनेक भाष्यकार पहिल्यात सगळ्या सृष्टीवरची करुणा पाहतात आणि दुसऱ्यात श्रद्धावंतांवरची खास कृपा. सगळ्यांना हे मान्य नाही, आणि तुझं काम तिथूनच सुरू होतं.

तू तत्त्वज्ञानाची आहेस, म्हणून कुराणाच्या सहाव्या सूरेतली (अध्यायातली) ५४वी आयत, म्हणजे वचन, मुद्दाम सांगतो. ईश्वराने स्वतःवर करुणा ‘लिहून घेतली आहे’, असं ती म्हणते. मग तो त्या करुणेला बांधला गेला का? इस्लाममधल्या मुतझिली या जुन्या पंथाचे विचारवंत ईश्वराच्या न्यायीपणावर भर देत. त्यांच्या मते जे न्याय्य, ते ईश्वर करणारच, तसं करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. दहाव्या शतकातल्या अशअरी या दुसऱ्या पंथाच्या विचारवंतांना हे पटलं नाही: ईश्वराला कोण बांधणार? कृपा ही त्याने आपणहून दिलेली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचताना तुझ्या अभ्यासक्रमातली कर्तव्य आणि स्वातंत्र्याची चर्चा आठवेल.

बाबांची काळजी मात्र रास्त आहे. फक्त या विषयाच्या प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नकोस, जागा थोड्या असतात. अरबी पक्की असेल तर भाषांतर, दुभाषीपण, हस्तलिखितांची सूची, कोशकार्य, ग्रंथालय, पत्रकारिता, शिकवणं अशी कितीतरी कामं करता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत १९७३ पासून अरबी आहे. पण कुराणाची अभिजात अरबी आणि आजची लिखित प्रमाण अरबी यांत अंतर आहे. कमाई दुसरीवर, संशोधन पहिलीवर, तेव्हा दोन्ही जोडीने शिक. मन लावून केलंस तरी दोन-तीन वर्षं लागतील. बाबांना हा हिशेब आधीच सांग.

सुरुवात ५५व्या सूरेपासून कर, तिचं नावच ‘अर्-रहमान’ आहे. एक ओळ तिच्यात ३१ वेळा येते: ‘तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?’ त्यातलं द्विवचन तुला भाषांतर न बघता ओळखता आलं, की मला पुन्हा लिही. विद्यापीठ कोणतं, ते आपण तेव्हा ठरवू.