पुण्यात कमी पाण्यावर वाढणारा पिन्यॉन पाइन बंगल्याच्या बागेत लावता येईल का?

लावू नका, पैसे वाया जातील. पिन्यॉनला दुष्काळ चालतो, पण तो अमेरिकेतल्या कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोकडच्या दीड-दोन हजार मीटर उंचीवरचा, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. पुण्यात त्याला उन्हाळा नाही, पावसाळा मारेल: जून ते सप्टेंबर मुळाशी पाणी साचतं आणि मुळं कुजतात. त्यातून काळी माती असेल तर बघायलाच नको. हौसच असेल तर मुरूम-वाळू भरलेल्या खोल कुंडीत लावा, पावसाळ्यात पत्र्याखाली सरकवा. चिलगोज्यासारख्या बिया खायची आशा मात्र सोडा. मूळ जागीही बियांचे शंकू धरायला २५ वर्षांच्या आसपास लागतात. बिनपाण्याचं झाडच हवं असेल तर बहावा किंवा पळस बरा, पहिले दोन उन्हाळे तेवढं पाणी घालायचं.