टाकी मोकळी ठेवा, डबे सजवा : टूरिंग बाईकच्या स्टिकरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लांबच्या राईडसाठी डबे कसे निवडायचे ते लिहिलं होतं, आणि तेव्हापासून पत्रं येऊन राहिली ती डब्यांवर काय चिकटवायचं याचीच. चांगलंच आहे. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

भाऊ, माझ्या बाईकला ॲल्युमिनियमचे साईड बॉक्स आहेत. दिवाळीत ऑनलाईन स्टिकरचा पॅक मागवला आणि दोन्ही डबे अन् टाकी भरून टाकली. मे संपेपर्यंत लाल रंग गुलाबी झाला, पिवळा तर दिसतच नाही आणि कोपरे सगळे वर आले. स्टिकर खराब होते की माझं लावणं? – एक वाचक, मानेवाडा

दोन्ही थोडं थोडं, पण जास्त दोष स्टिकरचा. आपल्या उन्हाचा अंदाज ते पॅक बनवणाऱ्यांना नसतोच. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं, आणि हवामान खात्याचं तापमान म्हणजे सावलीतलं तापमान, दुपारी ऑफिसच्या बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या बाईकच्या डब्याला तर हातही लावता येत नाही.

आता कोपरे का उचलतात ते सांगतो. स्वस्त स्टिकर ज्या व्हिनाईलवर छापतात त्याला कॅलेंडर्ड म्हणतात, म्हणजे गरम प्लास्टिक रोलरमधून दाबून, ताणून त्याची शीट बनवलेली असते. तो ताण त्यात राहूनच जातो, आणि शीट तापली की आक्रसायला लागते. कडेला केसाएवढी चिकट रेघ उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते, मग काळी किनार दिसते आणि एक दिवस कोपरा वर येतो. दुसरा प्रकार कास्ट व्हिनाईल, हे पातळ थर ओतून भट्टीत सुकवलेलं असतं, त्यात ताण नसतो म्हणून ते जवळपास आक्रसत नाही. कास्ट साधारण ५० मायक्रॉनचं असतं आणि कॅलेंडर्ड ७५ ते १०० चं, म्हणजे जाड ते चांगलं हा आपला नेहमीचा हिशोब इथे उलटा पडतो. बोट फिरवून बघा, पातळ आणि लुसलुशीत लागलं पाहिजे, डब्याच्या वळणावर ते आपोआप बसतं.

रंगाचं म्हणाल तर छापील स्टिकरमध्ये उन्हाने आधी पिवळी आणि गुलाबी शाई जाते, काळी सगळ्यात शेवटी. म्हणून छापलेल्या स्टिकरवर यूव्ही लॅमिनेशन, म्हणजे उन्हापासून शाई वाचवणारा पारदर्शक थर, पाहिजेच. रेडियमवाल्याला नुसतं "चांगलं वालं द्या" म्हणू नका, "कास्ट व्हिनाईल, वरून यूव्ही लॅमिनेशन, कोपरे गोल" असं सरळ सांगा. त्याच्याकडे नसेल तर तो मागवून देतो, दोन दिवस थांबा पण तेच घ्या. कोपरे गोल का, तर टोकदार कोपऱ्याला नख, कापड, पाण्याचा फवारा सगळं अडकतं.

लावायचं सकाळी, ऊन चढायच्या आधी, आणि सावलीत. तापलेल्या धातूला स्टिकर टेकला की तो तिथेच पकडतो, मग सरकवता येत नाही. डबा आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, कारण पॉलिश केलेल्या डब्यावर मेणाचा थर असतो आणि त्याच्यावर गोंद धरतच नाही. स्टिकर मोठा असेल तर फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, डबा ओला करा, स्टिकर ठेवा, सरकवून सरळ करा आणि जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढत जा. शेवटी अंगठ्याने पूर्ण कड दाबत एक चक्कर मारा, हे सगळे घाईत सोडून देतात आणि कोपरा नेमका तिथूनच सुटतो. मग एक पूर्ण दिवस बाईक धुवायची नाही. वॉशिंग सेंटरवाल्या पोट्ट्याला सांगून ठेवा की प्रेशरचं पाणी स्टिकरच्या कडेवर जवळून मारू नको.

आणि टाकी मोकळी ठेवा, हे माझं ठाम मत आहे. टाकीवर गुडघे घासतात, टँक बॅगखाली माती जाऊन रगडली जाते, पंपावर पेट्रोल सांडलं की झाकणाजवळच्या स्टिकरचा गोंद विरघळतो. शिवाय उन्हाने आजूबाजूचा पेंट फिका होतो आणि स्टिकरखालचा तसाच राहतो, काही वर्षांनी काढला की त्याची सावली टाकीवर उरते, ती पॉलिशनेही पूर्ण जात नाही. डबा उद्या बदलता येतो, टाकी बाईकचा चेहरा आहे. डबे काळ्या खरबरीत प्लास्टिकचे असतील तर तिथे साधा स्टिकर टिकत नाही, झाकणावर एखादा गुळगुळीत भाग असतो तिथेच लावा, नाहीतर लावायच्या आधी प्रायमर मारून घ्या.

दादा, आम्ही दोघी मैत्रिणी कन्याकुमारीला चाललोय, बाईकवर नागपूरचं काहीतरी पाहिजे. संत्रा आणि वाघ सगळेच लावतात. – एक वाचक, खामला

झिरो माईल लावा ना ताई! खांब आणि चार घोडे, नुसती बाह्यरेषा, एकाच रंगात. तुम्ही ज्या रस्त्याने जाणार तो ४४ नंबरचा हायवे श्रीनगरहून निघून आपल्या शहरातून थेट कन्याकुमारीलाच जातो, म्हणजे घोड्यांच्या खाली एक उभी रेघ ओढून वर श्रीनगर, मध्ये नागपूर, खाली कन्याकुमारी एवढं लिहिलं की पूर्ण गोष्ट झाली. एकाच रंगात म्हणायचं कारण असं की असा स्टिकर छापावा लागत नाही, रंगीत व्हिनाईलच प्लॉटरवर, म्हणजे आकार कापायच्या मशीनवर, कापतात. रंग शीटच्या अंगातच असतो, वरून शाई नाही म्हणजे शाई उडायचा प्रश्नच नाही, छापीलपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. फक्त घोड्यांचे पाय फार बारीक ठेवू नका, बारीक पट्ट्या आधी सुटतात.

माझ्या भावाने लेहवरून खारदुंग-ला या तिथल्या उंच घाटाचा १८,३८० फूटवाला स्टिकर आणला, मी अजून गेलेलो नाही. लावला तर चालेल का? मित्र म्हणतात नको. – एक वाचक, प्रतापनगर

मित्र बरोबर बोलून राहिले. डब्यावरचा स्टिकर म्हणजे ही गाडी तिथे जाऊन आली एवढंच समोरचा वाचतो, पंपावर कोणी काका विचारतात "रस्ता कसा होता?" आणि त्यांना खरं उत्तर मिळालं पाहिजे. मला डब्यांचं प्रेम आहे ते याच्यासाठीच. एखादा फुटाळ्याच्या काठावर उभा राहून डबा वाचतो, पचमढी, चिखलदरा, स्पिती, आणि अनोळखी माणसाशी अर्धा तास बोलणं होतं. तो स्टिकर डब्याच्या झाकणाच्या आत लावून ठेवा, परत येताना बाहेर नवीन लावा.

आकड्याचं पण सांगून ठेवतो. १८,३८० हा आकडा तिथल्या बोर्डामुळे प्रसिद्ध झाला, प्रत्यक्ष मोजणीत खारदुंग-ला ५,३५९ मीटर भरते, म्हणजे साधारण १७,५८२ फूट. जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता हा मानही आता तिचा नाही, बीआरओने (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संघटना) बांधलेला उमलिंग-लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर आहे आणि २०२१ मध्ये त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. स्वतः जाऊन आलात की खरा आकडा टाकून स्टिकर बनवून घ्या, तो असा सगळ्यांकडे नसतो.

लाल बाईक पूर्ण मॅट ब्लॅक रॅप करायची आहे, पुढे अशोकस्तंभ आणि टाकीवर तिरंगा. पोलीस पकडतील का? – एक वाचक, जरीपटका

आरसीवर रंग लिहिलेला असतो. डब्यावर किंवा साईड पॅनलवर ग्राफिक लावल्याने बाईकचा रंग बदलत नाही, पण लालची पूर्ण काळी केली की आरसीशी मेळ बसत नाही, म्हणून तुमची बाईक ३१, ४० किंवा ४९ ज्या पासिंगची असेल त्या आरटीओत आधी कळवून नोंद करून घ्या. अशोकस्तंभ लावूच नका, राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि खाजगी गाडीला तो अधिकार नाही. तिरंग्याबद्दल ध्वजसंहिता सांगते की गाडीच्या टपावर, बाजूंवर, मागे ध्वज पसरायचा नाही आणि त्याच्यावर काही लिहायचं नाही. टाकीवर तर आपण मांड्या टेकवून बसतो, ती ध्वजाची जागा नाहीच भाऊ. नंबर प्लेटवर एक टिकलीसुद्धा नको, तिच्यावर होलोग्राम आणि लेझरचा नंबर असतो तो पूर्ण दिसला पाहिजे. तसंच चेसिस नंबर आणि टायर प्रेशरचं कंपनीचं स्टिकरही झाकू नका, डबे भरून निघाल्यावर हवा किती भरायची ते तिथेच लिहिलेलं असतं.

पेंचकडून रात्री परत यायची वेळ येते, मागून ट्रक फार जवळ येतात. रेडियम लावल्याने फरक पडतो का, की शोभेचंच? – एक काका, रामटेक

पडतो काका, खूप फरक पडतो. आपण सगळ्याच चमकणाऱ्या पट्टीला रेडियम म्हणतो, पण साधी चमकी पट्टी आणि खरी रिफ्लेक्टिव्ह शीट वेगळी. खऱ्या शीटमध्ये बारीक काचेचे मणी किंवा प्रिझम असतात, ते उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात, म्हणून ट्रकच्या हेडलाईटचा उजेड ड्रायव्हरच्याच डोळ्यात जातो. दुकानात ओळखायचं असेल तर मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून पट्टीवर मारा, खरी असेल तर पेटल्यासारखी दिसते. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी हा क्रम पाळा, पुढे लाल लावलं तर समोरच्याला वाटतं गाडी पाठमोरी आहे. दोन्ही डब्यांच्या मागच्या बाहेरच्या कडेला उभ्या पट्ट्या लावा म्हणजे अंधारात बाईकची पूर्ण रुंदी कळते. मनसरपासून खवासापर्यंत जंगल आहे, तिथे ट्रकवाल्याला तुम्ही जितक्या लांबून दिसाल तितकं बरं. दर धुण्याला पट्ट्या पुसा, चिखलाखाली त्यांचा काही उपयोग नाही.

हेल्मेटवर स्टिकर चालतात का? – एक वाचक, कामठी

कंपनीचं माहितीपत्रक आधी वाचा. फायबरग्लासच्या हेल्मेटला सहसा त्रास नसतो, पण पॉलीकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकच्या कवचाला काही गोंद आणि सॉल्व्हंट कमजोर करतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. काचेवर काही नको. आयएसआयचं मार्किंग झाकू नका. रक्तगट लिहायचा तर लिहा, घरच्यांचा फोन नंबर मात्र बाहेर मिरवू नका, तो कागदावर लिहून आरसीसोबत ठेवा.

सेकंडहँड बाईक घेतली, आधीच्या मालकाचे स्टिकर आहेत. ब्लेडने काढले तर ओरखडे पडले आणि गोंद तसाच आहे. – एक वाचक, वाडी

ब्लेड बंद करा आधी. घरातला हेअर ड्रायर घ्या, स्टिकर कोमट करा, हात ठेवता येईल इतपतच, मग एक कोपरा नखाने उचलून स्टिकर स्वतःवरच दुमडत पृष्ठभागाला लागून हळूहळू ओढा. वर उचलून ओढलात की फाटतो आणि गोंद खाली राहतो. राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा आणि कापडाने पुसा. आणि नागपूरकराला वेगळं औषध घरातच असतं, संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचं तेल असतं, गोंद काढायच्या बऱ्याच क्लीनरमध्ये हेच वापरतात. ताजी साल दुमडून तिचा फवारा गोंदावर मारा, चोळा, थोडा असेल तर तेवढ्यात निघतो. फक्त हेल्मेटवर हा प्रयोग करू नका, आतल्या थर्मोकोलला लिमोनिन विरघळवतं. थिनर कुठेच नको, पेंटच निघेल. शेवटी साबणाने धुवा, नाहीतर तेलावर नवीन स्टिकर बसणार नाही.

आमचा ग्रुप जूनमध्ये लडाखला चाललाय. ग्रुपचे पाचशे स्टिकर छापून प्रत्येक पासच्या बोर्डावर लावायचा प्लॅन आहे. कोणता गोंद थंडीत टिकेल? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

गोंद सांगत नाही, कारण बोर्डावर लावू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्पिती आणि लडाखमध्ये बोर्ड पाहिलेत का? कित्येक ठिकाणी गावाचं नाव, अंतर, वळणाचा बाण काहीच वाचता येत नाही, सगळं स्टिकरने भरलंय. वर रामटेकच्या काकांना सांगितली तीच रिफ्लेक्टिव्ह शीट त्या बोर्डावर असते, तुमचा स्टिकर बसला की तेवढा भाग रात्री काळा. बर्फात किंवा धुक्यात वळण शोधत आलेल्या माणसाला तेव्हा बाण दिसत नाही, आणि पुढे दरी असते. तो बोर्ड बीआरओच्या लोकांनी ऑक्सिजन कमी असलेल्या जागी उभा केलेला असतो, दरवर्षी खरवडायला परत तेच येतात. आपल्याकडेही सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, तिकडे जाऊन वेगळं वागायचं काऊन?

पाचशे नको, पन्नास बनवा, पण कास्ट व्हिनाईलचे. वाटेत ढाब्यांच्या काचेवर, पंक्चरवाल्याच्या टूलबॉक्सवर, होमस्टेच्या फ्रीजवर स्टिकर लावायची जागा असते, मालकाला विचारून एक लावा. ज्याने रात्री चेन बसवून दिली त्याला एक द्या, समोरून आलेल्या दुसऱ्या ग्रुपशी अदलाबदल करा. ग्रुपचं नाव देवनागरीतच टाका, तिकडे ते लांबूनच ओळखू येतं. थंडीत लावायचा असेल तर दुपारी ऊन असताना लावा, दहा डिग्रीच्या खाली गोंद नीट पकडत नाही. आणि पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी एक सॅम्पल पत्र्यावर चिकटवून महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवा, जून यायला अजून वेळ आहे.