दहाचं नाणं खरंय, मग घेत का नाहीत?

प्रश्न: आमच्या गावात दहाचं नाणं कोणी घेतच नाही. किराणावाला म्हणतो, "ताई खरंय ते, पण पुढे चालत नाही." पर्समध्ये २३ नाणी पडून आहेत. आमचे हे म्हणतात, अडाणी आहे तो, वाद घालू नकोस. पण माहिती सारखीच असताना माझं आणि किराणावाल्याचं जमत का नाही? - एक वाचक

उत्तर: ताई, अडाणी कसला, पक्का हिशेबी माणूस आहे तो. नाणं खरंय हे तुम्हाला माहितीय, त्यालाही माहितीय, पण बिस्किटं न्यायला आलेल्या पोराला सुट्टे म्हणून दिलं तर त्याची आई परत पाठवणार ही त्याला धास्ती, आणि आईला धास्ती की दूधवाला घेणार नाही, आणि दूधवाला फिरून आपल्या किराणावाल्याकडेच बोट दाखवणार!

सुरुवात झाली ती अफवेनं, १० रेघांचं खरं आणि १५ रेघांचं खोटं वगैरे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तोपर्यंत काढलेले चौदाही प्रकार चालतात, १४४४० हा फोन नंबरही दिला. आता गंमत बघा, फोन बोलतो ज्याच्या त्याच्या कानात. मला कळलं, पण तुम्हाला कळलंय हे मला कुठे कळलं? सगळ्यांना माहीत असणं वेगळं, आणि ते सगळ्यांना माहितीय हे सगळ्यांना माहीत असणं वेगळं. घोडं तिथंच अडतं.

रॉबर्ट ऑमन नावाचे गणिती आहेत, २००५ चं नोबेल मिळालेले. त्यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं की दोन विचारी माणसं मुळात एकाच अंदाजावरून निघाली आणि एकमेकांची मतं त्यांच्यात अशी पूर्ण उघड झाली, की तुला माहितीय हे मला माहितीय आणि ते परत तुला, तर मतभेद उरूच शकत नाही. (सासरच्या मंडळींना लावून बघू नका, तिथे निघायची जागाच वेगळी असते.) तुमच्या दोघांत नाण्यावरून मतभेद नाहीच मुळी, अडलंय ते तिसऱ्या माणसावर, जो दुकानात हजरच नाही. म्हणून बँकेचा मेसेज दाखवून उपयोग होत नाही.

त्यापेक्षा त्याला काउंटरवर मोठ्या अक्षरात पाटी लावायला सांगा, "दहाचं नाणं घेतो". येणारा प्रत्येक जण ती वाचणार आणि बाकीच्यांनीही वाचलीय हे बघणार. आठवडी बाजाराच्या दिवशी लावली तर बेस्ट. नाणी बँकेत भरता येतात, बँक नाही म्हणू शकत नाही, पण मग गावात फिरायला २३ नाणी कमी.