जप्ती, जाबता आणि अनामत

प्रश्न असा: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमालकाच्या भाडेकरूला दिलेल्या नोटिशीत 'ओट्याचा ग्रॅनाइट फोडल्यामुळे आपले सामान जप्त करून धारणाधिकारात ठेवले आहे' असं वाक्य आहे. इथे 'जप्त' हवं की 'तारण'?

दोन्ही नको. तारण देणारा आपण होऊन देतो. भाडेकरूची वॉशिंग मशीन कुलपात घालून ती 'तारण' होत नाही. आणि जप्ती म्हणाल तर ती घरमालकाच्या हातची गोष्टच नव्हे, हे तो शब्दच सांगतो.

मूळ अरबी 'ज़ब्त': घट्ट धरणं, आवरणं, नियमात ठेवणं. त्याच धातूतून 'ज़ाबिता' म्हणजे नियम, तोच आपला 'दिवाणी जाबता', म्हणजे दिवाणी दावे कसे चालवायचे ते ठरवणारा कायदा. जप्ती आणि जाबता सख्खी भावंडं! अकबराच्या काळी 'ज़ब्ती' ही जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत होती. कुणाची भांडीकुंडी उचलण्याची नव्हे. उच्चाराची गंमत पाहा. 'ज़ब्त'मध्ये ब आणि त एकमेकांना चिकटले, म्हणून ब चा प झाला. 'ज़ाबिता'मध्ये मधे स्वर होता, म्हणून ब वाचला, 'राबता'चंही तेच. तेव्हा हिंदीच्या नादाने 'जब्त' लिहिणाऱ्या वृत्तवाहिन्यांनी मराठी कानावर विश्वास ठेवावा.

मग घरमालकाच्या तोंडी 'जप्त' आलं कुठून? माझ्या मते निवडणुकीतून. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की 'अनामत जप्त', हे आपण लहानपणापासून ऐकतो. (हिंदीत तिथे 'जमानत' म्हणतात, ती आपल्या 'जामीन'ची नातलग, अनामतीची नव्हे.) खरं तर तिथे रक्कम बुडते, कुणी धाड घालत नाही. पण एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे डिपॉझिट घेणाऱ्याला वाटतं, जप्तीही आपलीच. 'अनामत' म्हणजे मूळ 'अमानत', म आणि न यांची अदलाबदल झालेली: विश्वासाने सोपवलेली, परत द्यायची वस्तू. 'इमान' आणि 'अमीन' त्याच घरातले. ती 'अ + नामत' अशी संस्कृतातून काढणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

'धारणाधिकार', म्हणजे येणं मिळेपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क (इंग्रजीत 'लिअन'), ही सरकारी टांकसाळ. ऐकताना सातबारा आठवतो. 'अडवणहक्क' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? हा हक्क 1872च्या करार कायद्यात, कलम 170 आणि 171मध्ये आहे. दुरुस्तीला दिलेली पाटली मजुरी मिळेपर्यंत कारागीर अडवू शकतो. बँकांनाही मोकळीक आहे. घरमालक त्या यादीत नाही, कारण सामान त्याच्याकडे सोपवलेलंच नसतं. उलट 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला 1882च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 63 लागतं: परवाना रद्द झाला तरी सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी लागते. प्रेसिडेन्सी शहरांच्या (मुंबई, कोलकाता, चेन्नई) लघुवाद न्यायालयांसाठी 1882च्याच दुसऱ्या कायद्यात सामान अडकवण्याची तरतूद होती, पण थकलेल्या भाड्यासाठी आणि कोर्टाच्या वॉरंटवर. ठाण्यात फुटलेल्या ओट्याला तिचा उपयोग शून्य.

नुकसान अनामतीपेक्षा मोठं असेल तर दावा लावावा. समोरचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम निर्णय) चुकवायला माल हलवतोय असं कोर्टाला पटलं, तर दिवाणी जाबत्याच्या आदेश 38, नियम 5 खाली निकालाआधीही जप्ती होते. पण त्याच जाबत्याच्या कलम 60मुळे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं सुटतात. घरमालक नेमकं तेच अडवून बसतो!

वापराने उडालेला रंग नुकसानीत धरू नये. तडकलेला ग्रॅनाइट धरावा, पण घर देतानाचे फोटो आणि करारासोबतची पंखे-गीझर-नळांची यादी हाताशी हवी. नसली तर तडा आधीचाच होता असं भाडेकरू म्हणणार आणि तुमच्याकडे उत्तर नसणार.

नोटिशीत लिहा: 'ओट्याच्या दुरुस्तीचा खर्च बिलाप्रमाणे अनामतीतून वळता करून बाकी रक्कम परत करीत आहे.' 'वळता' हाच शब्द ठेवा, 'कापून' नको.