सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपात पाणी साचतंय, काय करू?

प्रश्न: सांगलीजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. सेफ्टी व्हॉल्व्हचा (दाब फार वाढला की आपोआप उघडून वाफ सोडतो त्या व्हॉल्व्हचा) पाइप सरळ छपराबाहेर काढलाय, पावसाळ्यात गाळप बंद असतं तेव्हा एल्बोत (पाइपाच्या वळणात) पाणी साठतं. खाली ड्रेनला कॉक बसवलाय, चालेल का?

उत्तर: दादा, तो कॉक आधी काढा. ड्रेन कायम उघडाच पाहिजे, कॉक असला की कुणीतरी कधीतरी बंद करतंच आणि मग पाणी डिस्कवर (व्हॉल्व्हच्या आतल्या झाकणावर) उभं राहून सीट (ते झाकण टेकतं ती जागा) गंजते, व्हॉल्व्ह चिकटतो, आणि उघडलाच तर वाफ ते सगळं पाणी गोळ्यासारखं वर फेकते, त्या धक्क्याने पाइप हलतो. एल्बोच्या अगदी खालच्या बिंदूला ड्रेन घ्या, व्हॉल्व्हच्या बॉडीला ड्रेन असेल तर त्यातला प्लगही काढा, आणि दोन्ही लाइन उतार देऊन माणसं वावरत नाहीत तिथे सोडा, कारण व्हॉल्व्ह उडाला, म्हणजे दाबाने उघडला, की त्यातूनही वाफ येते. मी एकदा असा ड्रेन तारेने टोकरला तर गंजाचा काळा चिखलच बाहेर आला, म्हणून सीझनआधी तार घालून बघाच. जमलं तर ड्रिप पॅन एल्बो (पाणी झेलणारी थाळी असलेला एल्बो, उभा पाइप त्यात न जोडता मोकळा राहतो) लावा, म्हणजे उभ्या पाइपाचं वजन व्हॉल्व्हवर येत नाही, त्या पाइपाला वेगळा सपोर्ट द्या मात्र.