वाचकांचे प्रश्न : एक घर, चार मतं

या महिन्याच्या टपालात राजकारणावरची पत्रं जास्त आहेत, आणि त्यातली बहुतेक खरं तर घरातल्या भांडणाची आहेत. मत कोणाला द्यावं हे या सदरात सांगितलं जात नाही. ते विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्याकडं सोयाबीन असतंय. सासरे म्हणतात केंद्रानं शेतकऱ्याला बुडवलं. आमचे हे म्हणतात, खर्चाच्या दीडपट हमीभाव दिलाय, अजून काय पाहिजे? रोज जेवताना हाच विषय. मला तर तेलाचा डबा महाग पडतो. खरं कोणाचं?
— एक सून, औसा तालुका

उत्तर : दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळा खर्च धरतात. हमीभावाची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती त्यावर शिक्कामोर्तब करते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. त्यामागे धरलेला खर्च ३,५५२ रुपये, म्हणजे बरोबर दीडपट. पण या ३,५५२ मध्ये बी, खत, फवारणी, मजुरी असा हातातून जाणारा खर्च आणि घरच्या माणसांच्या राबण्याचा मोबदला येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडं) आणि स्वतःच्या अवजारं-विहिरीसारख्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही. ते धरलं की खर्च वर जातो आणि दीडपट उरत नाही. सासरे मनात तो मोठा खर्च धरून बोलतात, तुमचे यजमान कागदावरचा.

दुसरं म्हणजे हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. केंद्र सरकारच्या घोषणेनं मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) व्यापाऱ्यावर त्या भावानं घ्यायची सक्ती होत नाही. तो भाव मिळतो तो सरकारी खरेदी केंद्रावर. केंद्रं कुठं उघडायची, नोंदणी कधी, जिल्ह्याला हेक्टरी किती क्विंटल घ्यायचं, ही बाजू राज्याकडे येते. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून करायच्या पिकाच्या नोंदीची) नोंद नसेल तर नोंदणीच अडते, आणि ती नोंद मुदतीत करायचं काम आपलं. म्हणजे भाव कमी असेल तर दिल्लीला बोला, बारदाना (पोती) नाही म्हणून खरेदी केंद्र बंद असेल तर मुंबईला, आणि पीक पाहणी राहिली असेल तर घरात ज्याच्या हातात मोबाइल असतो त्याला.

खरेदी केंद्रावरून माल परत जातो तो बहुतेक ओलाव्यामुळं. मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. तो आदेश विधानसभेच्या मतदानाला आठवडाही उरला नसताना निघाला, यावर सासऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. पण सवलत दर वर्षी मिळेल असं धरू नका. हिशेब असा मांडा : १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल वाळवून १२ वर आणला की सुमारे ९३ किलो उरतो. ५,३२८ च्या भावानं त्याचे साधारण ४,९६५ रुपये होतात. ओल्या मालाला मोंढ्यात याहून कमी भाव असेल तर ताडपत्रीवर पातळ थर पसरून वाळवणं आणि केंद्रावर नेणं परवडतं. भाव जवळपास असेल तर भाडं, हमाली आणि पैसे उशिरा येण्याचा त्रास धरून तिथंच विकलेलं बरं.

आता तुमचा तेलाचा डबा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळं आयात शुल्क हलवलं की डबा हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलांवरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ वर आणलं. पहिल्या निर्णयावर सासऱ्यांनी खूश व्हायचं आणि तुम्ही चिडायचं, दुसऱ्यावर उलटं. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांचं हित इथं सरळ उलट्या दिशेला आहे, त्यात कोणाची समज कमी असा प्रश्न येत नाही.

तरी शुल्क चढवूनही सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खालीच का रेंगाळला, हे सासऱ्यांना जरूर सांगा. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं सुमारे १८ किलो. बाकी मुख्यतः पेंड, ८० किलोच्या आसपास. गिरणीवाला भाव काढतो तो पेंड कितीला जाईल ते बघून. जगात पेंड स्वस्त होती, आणि इकडं इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात शिरला. तो पेंडेपेक्षा स्वस्त पडतो. इथेनॉलचं धोरण ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी, आणि त्याचा फटका बसतो सोयाबीनला. सरकारवर टीका करायचीच तर या गाठीवर करा. तुमच्या यजमानांना उत्तर शोधायला जरा वेळ लागेल.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं झाली, नाव अजून माहेरच्या यादीत, परभणीला. सासरे म्हणतात इकडं आण. आई म्हणते राहू दे, मतदानाच्या निमित्तानं तरी येशील. दोन्हीकडं ठेवलं तर चालेल का? आणि नाव आणलं तर सासरे सांगतील तेच बटण दाबावं लागेल का?
— वसमत

उत्तर : दोन्हीकडं चालत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच यादीत राहू शकतं, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव असावं ते तुम्ही नेहमी राहता तिथं, म्हणजे आता वसमतला. आईला भेटायला मतदानाचं निमित्त कशाला?

फॉर्म भरायचा तो ८ क्रमांकाचा, 'निवासस्थान बदल' हा पर्याय निवडून. इथं हमखास घोटाळा होतो : नवीन मतदार समजून ६ क्रमांकाचा फॉर्म भरला जातो, माहेरचं नाव तसंच राहतं आणि दुबार नोंदीची नोटीस येते. निवडणूक आयोगाच्या ॲपवरून भरा किंवा गावच्या बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) कागदावर द्या. ओळखपत्राचा जुना क्रमांक टाकायचा, तो पुढंही तोच राहतो. पत्त्याच्या पुराव्याला आधार, बँक पासबुक, वीजबिल चालतं. तुमच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता असेल तर आधी तो बदला. नवऱ्याच्या आधारवरचा पत्ता विवाहाचा दाखला जोडून, त्यांच्या संमतीनं तुमच्या आधारला घेता येतो. आडनाव बदललं असेल तर ती वेगळी दुरुस्ती, वेगळ्या अर्जानं. आडनाव बदललंच पाहिजे असं मात्र कुठंही लिहिलेलं नाही.

हे आताच करा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, म्हणजे एका अर्जात सगळं येतं.

बटणाचं. मतदान कक्षात तुमच्यासोबत सासरे येऊ शकत नाहीत. सोबती फक्त दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबता न येणाऱ्या मतदारालाच मिळतो. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, त्यामुळं 'तुमच्या गल्लीतून आम्हाला किती पडली ते कळतं' हे कार्यकर्त्यांचं बोलणं खोटं नाही. पण कळतं ते केंद्राचं, माणसाचं नाही. मोबाइल आत नेऊन फोटो काढून आण असं कोणी सांगितलं तर ते सांगणंच बेकायदा आहे. घरी विचारलं तर 'टाकलं मत' एवढं उत्तर पुरतं.

प्रश्न : दर महिन्याला खात्यावर पंधराशे येतात. सासूबाई म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं, मत त्यांनाच द्यावं, लोकसभेलासुद्धा.
— माजलगाव

उत्तर : मीठ कोणाच्या घरचं आहे ते आधी बघा. लाडकी बहीण योजना राज्याची, जुलै २०२४ पासूनची, आणि पैसा राज्याच्या तिजोरीतला. त्या तिजोरीत तुम्ही घेतलेल्या साबणाच्या वडीवरचा करही असतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० केंद्राचे, नमो शेतकरीचे ६,००० राज्याचे. योजना आवडली म्हणून मत देणं हे चांगलं कारण आहे, उपकार फेडायचे म्हणून देणं नाही. आणि राज्याच्या योजनेचा हिशेब लोकसभेला मांडला तर खासदाराला काही विचारायचंच राहून जातं.

प्रश्न : भाऊबंदांच्या ग्रुपवर काका रोज राजकीय मेसेज टाकतात, अर्धे खोटे. ग्रुपचा ॲडमिन मी आहे. काही झालं तर माझ्यावर येईल का? काकांना थांबवू कसं?
— देगलूर

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण तोच मजकूर तुम्ही स्वतः पुढं पाठवला तर ॲडमिन असण्या-नसण्याचा प्रश्नच राहत नाही.

तपासायची रीत साधी आहे. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की तो निदान पाच हातांतून आलेला आहे, आणि असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं जातो. 'सरकारनं निर्णय घेतला' असं असेल तर निर्णय क्रमांक आणि तारीख शोधा. राज्याचे शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर, केंद्राच्या अधिसूचना राजपत्रात असतात; दोन्हीकडं नसेल तर थांबा. संसदेतल्या भाषणाचा तुकडा असेल तर संसद टीव्हीवरचं पूर्ण भाषण काढून मागची-पुढची दोन मिनिटं ऐका. बहुतेक वेळा वाक्य खरं असतं, कापलेलं असतं. व्हिडिओ कुठल्या दंगलीचा किंवा मोर्चाचा म्हणून आला असेल तर त्यातल्या दुकानांच्या पाट्यांची भाषा आणि गाड्यांच्या नंबरांची सुरुवातीची अक्षरं वाचा. नांदेडचा म्हणून फिरणारा व्हिडिओ दुसऱ्या राज्याचा निघाला तर तो तिथंच उघडा पडतो.

काकांना ग्रुपवर खोटं पाडू नका. पन्नास भाऊबंदांसमोर पडलेला माणूस मेसेज मागं घेत नाही, आणखी चार टाकतो. फोन करा, पुरावा त्यांच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा, आणि डिलीट करायचं त्यांच्यावर सोडा. नियम करायचाच असेल तर पक्षाचं नाव न घेता करा : 'लग्न, दुखणं-खुपणं, शेतीचं काम, एवढंच'. मग तुमच्या बाजूचे मेसेजही बंद ठेवावे लागतील. नियम बहुतेक ठिकाणी मोडतो तो इथंच.

प्रश्न : आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या, चालता येत नाही. मत घरून देता येतं म्हणतात.
— कळंब

उत्तर : येतं. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांपुढच्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना ही सोय आहे. फॉर्म १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यायचा. बीएलओ घरी येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका. पथक आधी कळवून येतं, मत कागदी मतपत्रिकेवर होतं. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजींचं वय यादीत चुकीचं असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. त्या काळातल्या जन्मतारखा शाळेत अंदाजानं घातलेल्या, किंवा मुळीच नसलेल्या असतात.

प्रश्न : केंद्रावर गेलो तर माझ्या नावानं आधीच मत पडलेलं. घरचे म्हणाले, सोड, परत चल.
— सेलू

उत्तर : परत फिरायचं नाही. केंद्राध्यक्षाला ओळखपत्र दाखवा आणि प्रदत्त मत मागा. तुमची ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात, सही घेतात, आणि ती मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात बंद होते. यंत्रावर बटण दाबायला मिळत नाही, आणि नेहमीच्या मोजणीत हे मत धरलं जात नाही. निकाल न्यायालयात गेला तरच ते उघडलं जाऊ शकतं. तरी नोंद झाल्यानं बोगस मत पडल्याचा पुरावा कागदावर राहतो. हे टाळायचं असेल तर मतदानाला सकाळीच जा.